संस्थान ‘खालसा’ आणि पंथ ‘खालसा’

प्रश्न असा आला आहे: शाळेत ‘डलहौसीने सातारा खालसा केले’ असे शिकलो, म्हणजे खालसा करणे म्हणजे गिळंकृत करणे. मग नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आदराने उच्चारला जाणारा ‘खालसा’ हा शब्द वेगळा आहे का? आणि त्याचे रूप ‘खालसाचा’ की ‘खालशाचा’?

शब्द एकच. मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे भेसळ नसलेला, निव्वळ. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि येताना गोतावळाही घेऊन आला. निखालस, खलास, खुलासा हे सगळे त्याच धातूचे. (‘निखालस’मधला ‘नि’ नकाराचा नाही, उलट जोर वाढवणारा आहे. म्हणून ‘निखालस मन’ही चालते आणि ‘निखालस खोटे’ही.)

आता महसुलाकडे वळू. मोगलांच्या कारभारात काही मुलूख जहागीरदारांना तोडून दिलेला असे, त्याचा वसूल जहागीरदार खाई. ज्या मुलखाचा वसूल मध्ये कोणाच्याही हातात न पडता थेट बादशाही खजिन्यात जाई, तो ‘खालिसा’. हीच परिभाषा मराठी दप्तरात रुळली. इनाम दिलेले गाव दुमाला, सरकारकडे राहिलेले खालसा. तेव्हा ‘खालसा करणे’ म्हणजे बुडवणे नव्हे, तर मधला धनी काढून थेट सरकारी अमलाखाली आणणे. 1848 मध्ये साताऱ्याचे आणि 1854 मध्ये नागपूरचे तेच झाले. राजाला औरस वारस नाही, दत्तक मंजूर नाही, मुलूख कंपनी सरकारचा. ज्याचे राज्य गेले त्याच्या दृष्टीने ते बुडणेच होते आणि मराठीने त्याचीच बाजू घेतली. शब्दाला जप्तीचा वास लागला तो तेव्हापासून असावा, असे मला वाटते.

शिखांच्या ‘खालसा’चा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘शुद्ध’ असा एका शब्दात दिलेला असतो. चूक नाही, पण अर्धाच आहे. चौथ्या-पाचव्या गुरूंच्या काळात गावोगावच्या शिखांकडून दसवंध, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, गोळा करायला मसंद नावाचे प्रतिनिधी होते. पुढे हे मसंद शिरजोर झाले. भेट गुरूंच्या नावाने घ्यायची आणि परस्पर जिरवायची, वर स्वतःच गुरूसारखे मिरवायचे. (आपल्याकडच्या वतनदारीच्या कथा वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) गुरू गोविंदसिंगांनी ही मसंदगिरी मोडून काढली. 1699 च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला, तो गुरूचा आणि थेट गुरूचा. पाच प्यारे, म्हणजे पंथात घेतलेले पहिले पाच शीख, निवडून त्यांना खंड्याचे अमृत (खंडा म्हणजे दुधारी तलवार, तिने ढवळलेले गोड पाणी) दिल्यावर गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः अमृत घेतले आणि गोविंदरायांचे गोविंदसिंग झाले, ही परंपरेतली कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या पाचांतले साहिबसिंग बिदरचे, म्हणजे नांदेडच्या शेजारचे.

हा अर्थ 1699 ला अचानक उगवला नाही. त्याआधीच्या गुरूंच्या हुकूमनाम्यांतही, म्हणजे आज्ञापत्रांतही, पूर्वेकडच्या संगतीला (शीख समुदायाला) ‘गुरूचा खालसा’ म्हटलेले आढळते. आणि रोजच्या अभिवादनात तर व्याकरणच साक्ष देते: ‘वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह’. ‘का’ ही षष्ठी पाहा. नुसता शुद्ध नव्हे, वाहेगुरूचा खालसा. खालिसा जमीन जशी बादशहाची, तसा हा पंथ ईश्वराचा, मध्ये जहागीरदार नाही. 1708 मध्ये नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरूंनी देहधारी गुरूंची परंपराच थांबवून ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले, तेही मला याच ओळीत बसणारे वाटते.

त्याच ग्रंथात कबीरांची ओळ आहे: ‘कहु कबीर जन भए खालसे प्रेम भगति जिह जानी’. इथे मात्र महसूल शोधू नये. ज्यांनी प्रेमभक्ती जाणली ते खालसे झाले, म्हणजे निर्मळ, मोकळे. तेव्हा शुद्धतेचा अर्थही जुनाच आहे, तो टाकता येत नाही.

गंमत अशी की रणजितसिंगांच्या लाहोर दरबाराचे नावच ‘सरकार-ए-खालसा’. 29 मार्च 1849 रोजी डलहौसीने त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाकडून, दुलीपसिंगाकडून, ते राज्य घेतले. ही घटना मराठीत सरळ सांगायची तर ‘खालशाचे राज्य खालसा झाले’ असेच म्हणावे लागते. पंजाबीत हा श्लेष साधत नाही, कारण तिथे राज्य घेण्याला ‘खालसा करणे’ म्हणत नाहीत.

राहिले रूप. पैसा-पैशाचा, ससा-सशाचा, तसे खालसा-खालशाचा हे मराठी वळण. पण पंथाचे विशेषनाम म्हणून ‘खालसाचा’ लिहिणारे बरेच आहेत आणि ते मला खटकत नाही. ‘खालसांनी’ मात्र टाळावे. खालसा म्हणजे सारा पंथ, त्याचे अनेकवचन कशाला? माणसांबद्दल बोलायचे असेल तर ‘शिखांनी’ म्हणा.