तंत्रज्ञान आणि वाहतुकीत अमेरिका अजूनही जगात पहिली आहे का?

तंत्रज्ञानात बऱ्याच अंशी हो, रेल्वेत अजिबात नाही.

एआयच्या चिप्सची रचना, सॉफ्टवेअर, अवकाश यात अमेरिकेला तोड नाही. 2015 च्या डिसेंबरात फाल्कन 9 या अमेरिकी रॉकेटचा पहिला टप्पा (खालचा भाग) अवकाशमोहिमेनंतर परत येऊन उभा उतरला आणि रॉकेट पुन्हा वापरणं हळूहळू नेहमीचं झालं. पण त्याच एआय चिप्स मुख्यतः तैवानमध्ये बनतात, तेही नेदरलँड्सच्या यंत्रांवर. म्हणजे एकहाती वर्चस्व नाहीच.

रेल्वेची अवस्था मात्र खरंच वाईट वाटावी अशी. वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क या देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या मार्गावर बाल्टिमोरचा बोगदा 1873 चा आहे. तिथल्या वळणामुळे वेगवान 'असेला' गाडीलाही ताशी सुमारे 50 किलोमीटरवर यावं लागतं! कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2008 मध्ये हायस्पीड रेल्वेला कौल दिला. त्याच वर्षी चीनची बीजिंग-तिआनजिन गाडी ताशी 350 च्या वेगाने धावू लागली. आज चीनचं जाळं 45,000 किलोमीटरच्या वर गेलंय, कॅलिफोर्नियात अजून बांधकामच चालू आहे. देशात पैसा, अभियंते सगळं आहे. जमीन संपादन, कोर्टकज्जे आणि तुकड्यातुकड्याने मिळणारा निधी यांनी घोडं अडवलंय.

विमानवाहतूक आणि मालगाड्यांत अमेरिका आजही भक्कम आहे, हेही सांगायला हवं.