अंतिम कार्यक्रमपत्रिकेची वाट पाहत बसू नका

आपण शहाद्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवता, खानदेशातील रामदासी मठांवरचा आपला शोधनिबंध युरोपात भरणाऱ्या, धर्मेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारला आहे आणि तरीही कार्यालय "अंतिम कार्यक्रमपत्रिकेत नाव दाखवा, मग ना हरकत प्रमाणपत्राचे बघू" असे म्हणते आहे, हे वाचून राहवले नाही. २०१५ साली जर्मनीतील एरफुर्टच्या अशाच एका महापरिषदेच्या वेळी हेच वाक्य मी ऐकले आहे. गोषवारा आणि पासपोर्ट यांविषयी आपल्याला सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट अडचणीकडे येतो.

आपल्याकडच्या कार्यालयांना परिषद म्हटले की एका महाविद्यालयाने भरवलेले चर्चासत्र दिसते, ज्याचे समन्वयक, खजिनदार आणि शिक्का एकाच इमारतीत असतात. प्रत्यक्षात रचना निराळी असते. उदाहरणार्थ, १९५० साली ॲमस्टरडॅममध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द हिस्टरी ऑफ रिलिजन्स या संघटनेचे सदस्यत्व मुख्यतः देशोदेशींच्या अभ्याससंघटनांकडे असते आणि तिची महापरिषद दर पाच वर्षांनी वेगळ्या देशात भरते. २००० साली डर्बन, २००५ साली तोक्यो, २०१० साली टोरांटो, मग एरफुर्ट, आणि २०२० ची न्यूझीलंडमधील परिषद करोनामुळे रद्द झाल्यावर थेट २०२५ साली पोलंडमधील क्राको, असा तो क्रम आहे. सभागृहे, शुल्क आणि पत्रव्यवहार हे यजमान विद्यापीठातील स्थानिक संयोजन समिती पाहते, विषयांची निवड विद्वानांची वेगळी समिती करते, आणि एखाद्या सत्रात कोणाचे निबंध घ्यायचे हे बहुधा त्या सत्राचा संयोजक आधी ठरवतो. त्यामुळे ज्यांनी आपला निबंध स्वीकारला त्यांच्याकडे व्हिसासाठीचे पत्र मागून उपयोग होत नाही. ते स्थानिक समितीकडेच मागावे लागते.

खरी गाठ वेळापत्रकात आहे. प्रस्ताव बरेच महिने आधी मागवले जातात, स्वीकृती कळते, त्यानंतर सवलतीच्या शुल्काची मुदत येते, आणि शुल्क भरलेल्यांचीच नावे पत्रिकेत जातात. ती पत्रिका परिषदेच्या तोंडावर येते आणि त्यानंतरही बदलत राहते. युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो आणि नोकरदाराला त्यासोबत रजेचे व ना हरकतीचे पत्र लागते. म्हणजे पत्रिकेसाठी नोंदणी, नोंदणीसाठी परवानगी आणि परवानगीसाठी पुन्हा पत्रिका!

माझ्या वेळी ज्या कार्यालयात (नाव घेत नाही) फाइल अडली, तिथे प्रत्येक टेबलावर नवी हरकत निघे. स्वीकृती ईमेलने आली म्हणून गोल शिक्का नाही. मग शाईची सही नाही. मग पत्रिका नाही. शेवटी मंजुरी मिळाली तेव्हा सवलतीची मुदत उलटली होती आणि प्रवास अनुदानाच्या अर्जाची तारीखही गेली होती, त्यामुळे भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन जावे लागले. त्याच कार्यालयात क्रीडास्पर्धांचे आदेश दुपारी अर्ज आणि संध्याकाळी सही अशा वेगाने निघताना मी पाहिले आहेत, त्यामुळे तिथे नियमच आडवे येतात यावर माझा विश्वास नाही.

माझे मत असे की स्थानिक समितीकडून लेटरहेडवर सहीचे पत्र मागवावे. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव, सत्राचे व निबंधाचे शीर्षक आणि तारखा असाव्यातच, पण "अंतिम पत्रिका नोंदणीनंतरच प्रसिद्ध होईल" हे वाक्य त्यांना आवर्जून घालायला सांगावे. अशी पत्रे त्यांना नेहमीच द्यावी लागतात, संकोच करू नये. ते जोडून प्राचार्यांकडे "नोंदणी पूर्ण होण्याच्या अटीवर" ना हरकत मागावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. शुल्क परत मिळण्याच्या अटी पटत असतील तर परवानगीआधीच सवलतीत नोंदणी करावी, असे मी तरी म्हणेन. अर्थात मी अनुदानित महाविद्यालयातला. शासकीय किंवा विनाअनुदानित संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, आणि व्हिसाचे नियम बदलतात, ते अर्जापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावेत. प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते, हेही तिथेच तपासून घ्यावे.

दोन दिवसांत निबंध स्वीकारून लगेच शुल्क मागणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' परिषदाही हल्ली उदंड झाल्या आहेत. मागील परिषदांच्या पत्रिका आणि कायमस्वरूपी संघटनेचे पदाधिकारी सापडत नसतील तर तिकडे पैसे पाठवू नयेत.

आपला विषय रामदासी मठांचा असल्याने धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या संग्रहातील हस्तलिखिते आपण पाहिलीच असतील. त्यांची छायाचित्रे सत्रात दाखवायची असल्यास लेखी परवानगी आत्ताच मागावी, कारण पुढे निबंध छापायची वेळ आली तर संपादक तेच पत्र मागतील.