आधी ओळख, मग कॅमेरा

प्रश्न : मी नाशिकची, फोटोग्राफी शिकते. स्वीडनमधल्या योकमोकला सामी या तिथल्या आदिवासी समाजाच्या संस्कृतीवरच्या फोटो-प्रकल्पात इंटर्नशिप मिळाली आहे. काय सांभाळू?

उत्तर : अगं, फेब्रुवारीत तिथे असशील तर भाग्यच! १६०५पासूनची हिवाळी जत्रा तेव्हाच भरते. तिथे मी एका आजींचा गाक्ती, म्हणजे पारंपरिक पोशाख, न विचारता टिपला. त्यांनी मान फिरवली. ते अजून सलतं. गाक्तीच्या रंगांवरून, पट्ट्यांवरून माणसाचा मुलूख, घराणं कळतं. म्हणून आधी विचार, फोटो कुठे छापणार ते सांग. सामींसाठी ‘लॅप’ हा अपमानास्पद शब्द तोंडी नको. कुणी रेनडिअर किती पाळलेत, हेही विचारू नकोस. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं आहे. आणि बॅटऱ्या आतल्या खिशात ठेव, थंडीत पटकन उतरतात.