फरहादी बघायला घेताय, तर...

इराणी दिग्दर्शक असगर फरहादीचे सिनेमे बघायचे ठरवलंच आहे, तर आधी 'अ सेपरेशन' (२०११) घ्या. आणि दोषी कोण, हे शोधायच्या फंदात लगेच पडू नका. पहिल्याच प्रसंगात नादेर आणि सिमिन घटस्फोटासाठी न्यायाधीशासमोर बसलेत, पण न्यायाधीश दिसतच नाही. कॅमेरा त्याच्या जागी आहे. ती खुर्ची तुम्हाला दिलीय, पण निकालाची घाई नको.

लक्ष ठेवा ते पैशावर. नादेरच्या आजारी वडिलांना सांभाळायला राझिए लांबून येते, लेकीला घेऊन, नवऱ्याला न सांगता. म्हातारबांचे कपडे ओले होतात. ते बदलले तर पाप लागेल का, हे ती आधी धर्माच्या जाणकाराला फोन करून विचारते. चिमुरडी म्हणते, बाबांना नाही सांगणार. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या फोनमध्ये आहे. नादेरला असा फोन करायची वेळच येत नाही. पुढे राझिएचा गर्भपात होतो, ठपका नादेरवर येतो आणि प्रकरण कोर्टात जातं. तिथे तो खोटं बोलतो तेही नीटनेटक्या शब्दांत. राझिएचा नवरा होज्जत, कर्जात बुडालेला, कोर्टात नुसता भडकतो आणि स्वतःचीच बाजू बिघडवतो.

'दियेह', म्हणजे जिवाच्या नुकसानीची भरपाई, ही तिथल्या कायद्यातली सोय आहे. हे माहीत नसेल तर शेवटची बोलणी डोक्यावरून जातील.

मग 'अबाउट एली' (२००९). 'द सेल्समन'लाही ऑस्कर आहे, पण तो थांबेल. आणि डब केलेलं नकोच, सबटायटल्स लावा. होज्जतचा चढलेला आवाज डबिंगमध्ये पार मरतो.