पी ढबाक इंग्लिशच्या तासाला चालतं

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि ताट बाजूला सारून टाइप करायला बसलोय. मुलगी आठवीत, इंग्लिशला फोकटेलचा, म्हणजे लोककथेचा, धडा चालू आहे, फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, ओळखता येत नाहीत, पाठ केलेले शब्द दुसऱ्या दिवशी उडून जातात, तर कोल्हापुरात क्लास कुठला लावू, असं विचारलंय तुम्ही. क्लासचं शेवटी सांगतो. आधी माझं ऐका, कारण हे माझं 1996 सालचं दुखणं आहे.

मी नववीत होतो. शाळेचं आणि सरांचं नाव घेत नाही. आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची, मराठी शाळेत पहिलीपासून इंग्लिश 2000 साली आलं, त्यामुळं आमची झेप किती असणार ते समजून घ्या. सर म्हणाले उद्या प्रत्येकानं एक फोकटेल इंग्लिशमध्ये सांगायची. निम्म्या वर्गानं गाईडातला ससा-कासव घोकून आणला, ससा झोपला की मागनं आणखी एक ससा यायचाच. मला वाटलं आपण काहीतरी आपलं सांगू, म्हणून आजीकडनं ऐकलेली टेंबलाईची गोष्ट रात्रभर जुळवली.

कोल्हापूरकरांना ही सांगायला नको, पण बाहेरचेही वाचतात म्हणून थोडक्यात. कोल्हासुराच्या पोरानं देवांना मेंढरं करून टाकलं, त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, त्याला मारून सगळ्यांना सोडवलं, आणि मग विजयाच्या सोहळ्याला अंबाबाई नेमकी तिलाच बोलवायला विसरली. झालं, ही रुसली आणि अंबाबाईकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली ती आजतागायत. शेवटी अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून अजून ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, कुमारिकेच्या हातनं कोहळा फुटतो, आणि त्याच्या तुकड्यासाठी ही झुंबड.

आता हे मी इंग्लिशमध्ये कसं सांगितलं असेल? 'त्र्यंबोली अँग्री. शी सिट. बॅक टू अंबाबाई.' कोहळ्याला काय म्हणतात माहीत नव्हतं, पंपकिन म्हणालो. वर्ग हसायला लागला. सर म्हणाले, ही फोकटेल नाही, ही देवाची गोष्ट, फोकटेल म्हणजे सिंड्रेला. तिथं थांबले असते तरी चाललं असतं, पण मला उभाच ठेवून म्हणाले, एवढा हुशार आहेस तर ऑनोमॅटोपियाचं, म्हणजे आवाजावरनं झालेल्या शब्दाचं, उदाहरण दे. डोक्यात टेंबलाईच होती, आषाढात नदीचं नवीन पाणी घेऊन गल्लीगल्लीतनं लोक टेकडीवर जातात तेव्हा पुढं जे वाजत असतं ते तोंडातनं निघून गेलं, 'सर, पी ढबाक.' तास संपेपर्यंत बाहेर उभा होतो. सगळ्यात मोठ्यानं जो हसला तो आज माझा दाजी आहे, सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि अजून आमच्याकडं जेवायला बसलं की आमटी वाढता वाढता कुणीतरी विषय काढतंच आणि हे ताटावर बोटं वाजवत 'पी... ढबाक' करतात.

मी पुढं आयटीआय केलं, उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं, इंग्लिशशी संबंध ड्रॉइंगपुरता. पण पोरगी शाळेत गेल्यावर तिच्याबरोबर पुस्तक उघडलं आणि कळलं, ऑनोमॅटोपिया या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच 'नाव तयार करणं'. म्हणजे आवाजावरनं वस्तूचं नाव पडणं, जसं कुकू ओरडतो म्हणून त्या पक्ष्याचं नावच कुकू. पिपाणीचं पी आणि ढोलाचा ढबाक, त्याच्यावरनं वाजंत्रीचं नाव पी ढबाक. यापेक्षा चोख उदाहरण सरांच्या गाईडात नव्हतं. बझ आणि हिस सगळेच लिहितात. दाजी, वाचताय न्हवं?

आणि फोकटेल म्हणजे सिंड्रेला हे तर साफ चूक. 1868 साली लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचं पुस्तक निघालं, मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं गोळा केलेल्या इकडच्या लोककथांचं. बापाबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे आपल्याच भागाच्या, दौऱ्यावर असताना तिनं त्या आपल्या आयाकडनं, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईकडनं, ऐकल्या, आणि त्या आयानं स्वतःच्या आजीकडनं. आजीची गोष्ट इंग्लिशमध्ये गेली की ती फोकटेलच होते, फक्त सांगणारीला वर्गाबाहेर काढायचं नाही.

बरं, तुमच्या मुलीचं. फिगर ऑफ स्पीच तिला येत नाहीत असं मला वाटतच नाही. मराठीच्या तासाला उपमा, रूपक, अतिशयोक्ती, अनुप्रास, चेतनगुणोक्ती ती शिकतेच. सिमिली, मेटाफर, हायपरबोल, अलिटरेशन, पर्सोनिफिकेशन ही त्यांचीच इंग्लिश नावं, पण मराठीच्या बाई आणि इंग्लिशचे सर एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात आणि पोरांना हे कुणी सांगत नाही. वहीच्या एका पानावर जोड्या लिहून द्या, एका संध्याकाळचं काम आहे. घोटाळा होतो तो फक्त उत्प्रेक्षेत. 'जणू' आलं की मराठीत वेगळा अलंकार, शाळेच्या इंग्लिशमध्ये त्याला वेगळा कप्पा नाही, 'ॲज इफ' दिसलं की सिमिलीत टाकून मोकळे.

शब्दांचं मात्र मी जरा ताणून सांगणार. दाजींचा सिद्धांत असा की रोज दहा शब्द पाठ, वर्षाला साडेतीन हजार, विषय संपला. त्यांच्या पोराच्या खोलीत भिंतभर तक्ते आहेत. मागच्या दिवाळीत मी त्याला विचारलं, बाळा, रुसणं आणि रागावणं याला इंग्लिशमध्ये काय? दोन्हीला अँग्री म्हणाला. माझ्यासारखंच! तीस वर्षं गेली आणि पोरगं तिथंच. रागावलेलं माणूस भांडतं, रुसलेलं माणूस बोलायचं बंद करतं, पाठ फिरवतं आणि वाट बघतं कुणीतरी येईल म्हणून. त्याला इंग्लिशमध्ये सल्क म्हणतात, आणि समजूत काढण्याला कोक्स. हे दोन शब्द मला नववीत माहीत असते तर माझी गोष्ट दोन वाक्यांत उभी राहिली असती. माझ्या पोरीला मी टेंबलाईची गोष्ट सांगत सांगतच ते दिले, ती विसरायचं नाव घेत नाही, कारण उलट्या तोंडानं बसलेली देवी डोळ्यासमोर आहे. पाठ फिरवणं तर दोन्ही भाषांत सारखंच चालतं, टर्न युवर बॅक, खरोखरची पाठही आणि नातं तोडणंही. लिटरल आणि फिगरेटिव्हचा फरक तिला तिथंच कळला, वेगळा शिकवावा लागला नाही. कोहळा म्हणजे ॲश गोर्ड, आणि तो राक्षसाच्या जागी फोडतात म्हणून सिम्बॉल.

पुस्तकातल्या परदेशी गोष्टींचंही तेच. पोरं हार्थ, स्पिंडल, पॉरिजला अडतात कारण त्या वस्तू घरात नाहीत. पॉरिज म्हणजे आपल्या आंबिलीचा पाव्हणा एवढं सांगितलं तरी पुरतं, डिक्शनरीतला अर्थ मागनं बघू दे.

आता दोन गोष्टी कबूल करतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये येईलच. एक, सर अर्धे बरोबर होते. काटेकोर बोलायचं तर टेंबलाईची गोष्ट लेजंड, म्हणजे आख्यायिका, कारण तिला ठरावीक जागा आहे आणि लोक ती खरी मानतात. फोकटेलला गावाचा पत्ता नसतो, 'आटपाट नगर' असतं. हे त्यांनी मला सांगितलं असतं तर मी आयुष्यभर नाव काढलं असतं, पण त्यांनी सिंड्रेला सांगितली. दोन, परीक्षेत पी ढबाक लिहू देऊ नका, तपासणारा पुण्याचा निघाला तर काय करणार. आणि स्पेलिंग पाठच करावं लागतं, त्याला गोष्टीचा उपाय नाही.

क्लास राजारामपुरीत ढिगानं आहेत, मी कुणाचं नाव सुचवणार नाही, माझ्या पोरीला लावलेला नाही. दाजींच्या पोराला लावलाय. दोघं एकाच वर्गात, आणि सहामाहीला त्याला दोन मार्क जास्त पडले. ते स्पेलिंगचे होते, मी पेपर बघितलाय.