देव्हाऱ्यातल्या शिवराया घरी साफ कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की लालबागच्या घरातल्या देव्हाऱ्यात आजीच्या वेळेपासूनच्या चार शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आहेत, शिवाय एक जड, करडं नाणं आहे ज्यावर हत्ती असावा असं वाटतं. अक्षरं नीट लागत नाहीत, म्हणून दिवाळीआधी सगळं चिंचेने लख्ख करायचा विचार आहे.

चिंच राहू द्या. मीठ-लिंबू, पितांबरी, व्हिनेगर, सोनाराकडचं पॉलिश, तेही. भांड्यांना चालतं ते नाण्याला चालत नाही. तांब्यावरचा तपकिरी-काळपट थर हा मळ नसतो, तांब्याचाच वरचा पापुद्रा असतो. आम्ही त्याला पॅटिना म्हणतो. झिजलेल्या अक्षरांच्या कडा बऱ्याचदा त्या थरातच उरलेल्या असतात आणि आम्ल नेमका तोच खातं. दरवर्षी चिंचेने घासलेली शिवराई हातात घेतली की कळते: गुलाबीसर, गुळगुळीत, ‘श्री राजा शिव’मधला ‘शिव’ जेमतेम दिसतो आणि मागचा ‘छत्रपति’ पुसटलेला. शिवराईत तर वेलांट्या, ठिपके, अक्षरांची ठेवण यावरून प्रकार ठरतात. ही छाप रायगडावर सुरू झाली तरी पुढे पेशवाईतही चालू होती, त्यामुळे तुमची कोणत्या काळातली हे त्या वेलांटीवरूनच सांगावं लागेल.

तुमच्या नाण्यांवर बहुधा गंजापेक्षा तेल, हळदकुंकू, गंध आणि पंचामृताचं किटण जास्त असेल. ते काढायला हरकत नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करून ठेवा. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या. गाडीच्या बॅटरीत घालतात तेही चालेल, नळाचं मात्र नको. त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोराइड हे तांब्याचं सगळ्यात वाईट दुखणं. शिवराया भिजत घाला, पाणी रोज बदला. ते गढूळ व्हायचं थांबलं की लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. चिकट तेल उरलं तर ॲसिटोनमध्ये बुडवा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. खिडकी उघडी आणि आसपास गॅस, निरंजन काही पेटलेलं नाही, एवढं बघा.

अक्षरांच्या खाचेत बसलेलं कुंकू हे खरं चिवट काम. सोनाराचं दहापट भिंग लावा, बांबूची टूथपिक ओली करा आणि खाचेच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवी नको. भिजलेलं कुंकू लालसर चिखलासारखं वर येतं. जे येत नाही ते तसंच ठेवा. सुई, टाचणी, तारेचा ब्रश हातात घ्यायचाच नाही. एक ओरखडा पडला की तो कायमचा.

हिरवा रंग दिसला म्हणून घाबरू नका. गडद, गुळगुळीत, कडक हिरवा असेल तर तो पॅटिनाच. पण पोपटी, भुकटीसारखा डाग असेल आणि टूथपिक लावताच झडत असेल, तर तो ब्राँझ डिसीज. आत अडकलेलं क्लोराइड दमट हवेशी मिळून आम्ल करतं, आम्ल तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळं होतं. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा यांनी त्याचं फावतं. असं नाणं वेगळं काढा. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा यांच्या पाच टक्के द्रावणात ते आठवडेच्या आठवडे ठेवावं लागतं, द्रावण अधूनमधून बदलत. रंग थोडा बदलतो, पण नाणं वाचतं.

आता ते करडं नाणं. सोंड वर केलेला हत्ती आणि मागे अधिक चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळं असतील, तर ते सातवाहनांचं शिशाचं असण्याची बरीच शक्यता आहे. ते देव्हाऱ्यातून आजच उचला. शिसं विषारी असतं आणि दह्याच्या आंबटपणात विरघळतं. ज्या पंचामृतात ते बुडतं ते तीर्थ कोणी पिऊ नये. आजी असत्या तर माझ्यावर रागावल्या असत्या, पण इलाज नाही. हे नाणं पाण्यातही घालू नका, कारण शुद्ध पाणीसुद्धा शिसं खातं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, हात साबणाने धुवा. लाकडी डबीतही ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते.

शिवराया पूर्ण सुकल्या की मायलरच्या (पॉलिएस्टरच्या पारदर्शक) पाकिटात घालून हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. बाजारात स्वस्त मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, त्यातून चिकट हिरवट थर सुटतो. पूजेला एखादी शिवराई हवीच असेल तर कोरडी ठेवा, अभिषेक ताम्हनातल्या दुसऱ्या नाण्यावर करा.

एक आगाऊ सल्ला: अमेरिकेतल्या मावशीला एखादी पाठवायची टूम निघाली तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही.

हत्तीवाल्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो वजनासह टाका, कडेला ब्राह्मी अक्षरं शिल्लक आहेत का ते बघू.