गोव्यात घरातल्या छोट्या खोलीत ऑनलाइन रेडिओचा स्टुडिओ कसा उभारावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याजवळ घरात १० बाय १२ फुटांची खोली मोकळी आहे. तिथून मराठी भजनं, नाट्यसंगीत आणि गप्पांचा ऑनलाइन रेडिओ चालवायचा आहे. एका वेळी दोन-तीन माणसं बोलतील, श्रोत्यांचे फोनही घ्यायचे आहेत, तर माइक कोणता घ्यावा? माइकचं सांगतोच, पण पैसे आधी खोलीवर, मग विजेवर आणि त्यानंतर माइकवर घाला. खोली तयार नसेल तर महागडा माइक पत्र्यावरचा पाऊस आणि भिंतींचा घुमारा अधिकच स्पष्ट पकडतो.

खोलीची दोन कामं वेगवेगळी आहेत आणि बहुतेकांची त्यांत गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक. आतला आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये जाऊ न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दुसऱ्याला जाड, मऊ, हवा आत शिरेल असं साहित्य लागतं. पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे पहिलं काम अजिबात करत नाहीत, दुसरं जेमतेम करतात आणि आग लागली तर झपाट्याने पेटतात. ते लावूच नका.

घर चिरेबंदी असेल तर भिंतींची चिंता सोडा, त्यांचं वजन पुरेसं आहे. आवाज येतो तो दार, खिडकी आणि छपरातून. दाराला भरीव फ्लश डोअर, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी आणि खाली उंबरा किंवा झाडूसारखी सीलपट्टी लावा. बोटभर फट राहिली तरी बाकीचा खर्च वाया जातो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या कधीच घट्ट बसत नाहीत. आतून दुसरी, पूर्ण मिटणारी खिडकी बसवा आणि तिची काच पहिल्यापेक्षा वेगळ्या जाडीची घ्या. दोन्ही काचा सारख्या असल्या तर एकाच पट्टीतला आवाज दोन्हींतून पार होतो. वर नुसती कौलं किंवा पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर थेट कार्यक्रम विसरा. खोली बदलता येत असेल तर स्लॅबखालची, तळमजल्यावरची, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची निवडा. ते शक्य नसेल तर ओलावा सोसणाऱ्या जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि वर रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) असं आतलं छत करावं लागेल. तरीही मुसळधार पावसात थोडा आवाज येईलच.

आता घुमारा. रिकाम्या खोलीत मध्यभागी उभे राहून जोरात टाळी वाजवा. मागून 'टर्र' असा कंप ऐकू आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. त्यासाठी ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे स्लॅब घ्या. साधारण मीटरभर लांब आणि दोन फूट रुंद अशी १२ पॅनेलं सुताराकडून करून घ्या. चौकट वॉटरप्रूफ प्लायची आणि वरून तरट किंवा सुती कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा सहज पलीकडे गेली तर ते चालेल. रेक्झिन चालणार नाही. स्लॅब हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच. आठ पॅनेलं बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला भिंतींवर लावा आणि चार टेबलाच्या वर छतापासून थोडी खाली टांगा. खाली सतरंजी, दाराला जाड पडदा. मग पुन्हा टाळी वाजवा. कंप उरला असेल तर आणखी चार पॅनेलं करा. मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल तर ते तिथेच राहू द्या, त्याचा उपयोग होतो.

इथे एक मोजमाप सांगायलाच हवं. खोलीची रुंदी १० फूट आणि स्लॅबची उंचीही १० फूट असेल, तर दोन्ही दिशांनी ५६ आणि ११३ हर्ट्झच्या आसपासचे सूर फुगतात. ११३ हर्ट्झ हा पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो, म्हणून निवेदक मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. ११३ हर्ट्झचा हा फुगवटा खोलीच्या बरोबर मध्यावर मोठा असतो, आणि टेबल नेमकं तिथेच मांडलं जातं. टेबल मध्यापासून सरकवा. बोलणाऱ्याचं डोकं बाजूच्या भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर आलं की फरक लगेच कानाला कळतो. कोपऱ्यांत दुप्पट जाडीची, म्हणजे १०० मिलिमीटरची पॅनेलं उभी केली तर अधिक चांगलं.

पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच जागा सोडा. त्याने खालच्या पट्टीतला आवाज जास्त शोषला जातो. शिवाय गोव्यात याला दुसरं कारण आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारी चिऱ्याची भिंत आतून पाझरते, आणि तिला टेकलेलं रॉकवूल ओलं झालं की श्रावणापर्यंत कापडावर काळी बुरशी येते. पावसाळ्यात खोली बंद ठेवून जाऊ नका. एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर रोज काही तास चालवा. माइक काम संपलं की झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. कंडेन्सर माइकच्या (बारीक आवाजही पकडणारा नाजूक प्रकार) पडद्यावरचा विद्युतभार दमट हवेत गळतो आणि मध्येच चटचट आवाज येतो. अनेकजण तो माइक बिघडला म्हणून टाकून देतात. आधी दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवून बघा.

पंखा कार्यक्रम चालू असताना बंदच हवा. पण बंद करण्याआधी त्याचा रेग्युलेटर पाहा. गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तारांमधून करकर सोडतो, पायऱ्या-पायऱ्यांचा कपॅसिटरवाला तो सोडत नाही. एसीचं बाहेरचं युनिट स्टुडिओच्या भिंतीवर टांगू नका.

विजेकडे येऊ. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेली की ऑडिओ मिक्सरमधून (माइक, फोन, गाणी एकत्र करणारं यंत्र) भुणभुण सुरू होईल. प्युअर साइन वेव्हचाच घ्या. मिक्सर, लॅपटॉप, फायबरचं मोडेम आणि राउटर एवढाच भार ६०० व्हीएच्या यूपीएसवर टाकला तर अर्धा-पाऊण तास निघतो. प्रिंटर किंवा एसी त्यावर लावू नका. मोडेम-राउटरला १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो जरूर घ्या, कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते पण राउटरला नसते. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवा. दोन वेगळ्या बोर्डांवर लावली की ५० हर्ट्झचा सलग 'घूंऽ' ऐकू येऊ शकतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर तो थांबला तर दोष तिथेच आहे. लॅपटॉप आणि मिक्सर ऑडिओच्या तारेने जोडलेले असतील तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन तोडून आवाज घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. मेअखेर आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात सगळे प्लग काढून ठेवायचे. फायबरमधून वीज येत नाही, पण मोडेमच्या ॲडॉप्टरमधून येते.

माइक डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. घरच्या खोलीत कंडेन्सर शेजारचा कोंबडासुद्धा ऐकवतो. शुअर एसएम५८ पुरेसा आहे, स्वस्तात बेहरिंगर एक्सएम८५०० चालतो. एसएम७बी घ्यायचा मोह होईल, पण त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे आवाज तेवढा वाढवावा लागतो. साधा मिक्सर तेवढा वर नेला की सरसर येते आणि मग वेगळा प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारं उपकरण) घ्यावा लागतो. तोंडापासून माइक चार बोटांवर, किंचित तिरका आणि पुढे पॉप फिल्टर. दोन माइकांमधलं अंतर तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. नाहीतर एकाचा आवाज दोन्हींत शिरतो आणि पोकळ होतो. टेबलावर काच नको, जाड कापड घाला. हेडफोन पूर्ण बंद कपाचेच घ्या, प्रत्येकाला एक. माइक चालू असताना स्पीकर बंद.

भजनी मंडळ किंवा घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून होणारी आरती या खोलीत थेट करू नका. घुमटाचा थाप इतका जोरकस असतो की १० बाय १२ मध्ये बाकी सगळं दबून जातं. देवळाच्या सभामंडपात किंवा अंगणात ध्वनिमुद्रण करा आणि नंतर ते वाजवा.

मिक्सरबाबत नीट विचार करा, फोन घेणार असाल तर सगळं त्यावर अडतं. फोनवरच्या माणसाला स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू जायला हवं. याला मिक्स-मायनस म्हणतात. ते नसलं तर त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो बोलायचा थांबतो. झूमचा पॉडट्रॅक पी४ हे आपोआप करतो, चार हेडफोन घेतो आणि बॅटरीवरही चालतो. मात्र त्याचा तिसरा चॅनेल माइक किंवा फोन, आणि चौथा माइक किंवा यूएसबी असा आहे. म्हणजे फोन आणि संगणकावरची गाणी दोन्ही हवी असतील तर माइक दोनच उरतात. तुम्हाला तीन हवे आहेत, म्हणून मी यामाहा एमजी१०एक्सयूसारखा चार माइकांचा यूएसबी मिक्सर घेईन. त्याच्या एफएक्स सेंडमधून (आवाज वेगळा बाहेर काढायची जोडणी) फोनला आवाज पाठवायचा, सगळ्या चॅनेलांची ती खुंटी वर आणि फोनच्या चॅनेलची शून्यावर. मिक्सरचा आतला इफेक्ट बंद ठेवा. फोन वायफायवर टाकून मोबाइल नेटवर्क बंद केलं तर 'टिडिक-टिडिक' ही कटकटही जाते. श्रोत्याला फोन जोडण्याआधीच घरचा रेडिओ बंद करायला सांगा, कारण इंटरनेटवरचा प्रवाह (स्ट्रीम) १० ते ३० सेकंद मागे असतो.

बोलताना मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये नाचला पाहिजे. ८० हर्ट्झखालचं कापा, कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणारी सोय) ३:१, शेवटी लिमिटर (आवाजाची कमाल मर्यादा) उणे १ वर. गाणी आणि बोलणं उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन हा त्यासाठीचाच पर्याय आहे. जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं मोनो असतात, ती मोनोच ठेवा. संगणक आणि मिक्सर दोन्हीकडे सॅम्पल रेट (ध्वनी मोजण्याचा वेग) ४४.१ किंवा दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मिसळ झाली की टकटक येते.

सर्व्हर घरी ठेवू नका. १२८ केबीपीएसवर एक श्रोता तासाला ५७.६ एमबी घेतो. शंभर श्रोते झाले तर १२.८ एमबीपीएस अपलोड सतत लागेल आणि दिवसाला सुमारे १३८ जीबी जाईल. भाड्याच्या सर्व्हरवर २ जीबी किंवा अधिक रॅम घेऊन ॲझुराकास्ट हे रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर बसवा, ते विनामूल्य आहे. स्टुडिओतून मग फक्त एकच प्रवाह वर जातो. ॲझुराकास्टचा ऑटोडीजे चोवीस तास गाणी वाजवतो. तुम्ही बट किंवा मिक्सएक्स या मोफत सॉफ्टवेअरमधून जोडलात की तो बाजूला होतो आणि तुमचा दुवा तुटला की आपोआप परत येतो. भर पावसात वीज गेली तरी रेडिओ गप्प होत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या मांडणीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जोडताना पहिल्या स्टेशनाला श्रोत्यांचं पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ८००० आणि निवेदकाचं ८००५ असतं. बहुतेकजण ८००० भरतात आणि पासवर्ड चुकला समजून तासन्‌तास घालवतात. नुसता आइसकास्ट (प्रवाह वाटणारं सॉफ्टवेअर) बसवलात तर मूळ फाइलमधले 'हॅकमी' हे पासवर्ड आधी बदला, आणि माउंटला (श्रोते ऐकतात तो प्रवाहाचा पत्ता) यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत लावा, नाहीतर गाण्यांची देवनागरी नावं गिचमिड दिसतील. १२८ एमपी३ सोबत ६४ केबीपीएस एएसी प्लसचाही माउंट ठेवा. सत्तरी, सांगे भागात नेट कमी पडतं तिथे तो चालतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असेल तर प्रवाहही त्यावरच हवा, नाहीतर ब्राउझर तो वाजवत नाही. लॅपटॉपला वायफाय नको, लॅनची तार लावा.

गाण्यांच्या हक्कांचं आधीच बघून ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली रेडिओला जो वैधानिक परवाना मिळतो तो इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. गोवा याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. म्हणजे शब्द आणि चालीसाठी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था), ध्वनिमुद्रणासाठी कंपनीकडे परवानगी मागावी लागते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा त्या-त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांचे अभंग मोकळे आहेत, पण त्यांची नवी चाल आणि नवं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. गावातल्या मंडळांचं स्वतः मुद्रित केलंत तर गाणाऱ्यांची लेखी संमती घेऊन फाइलला लावून ठेवा. सुरुवातीचे महिने केवळ यावरही उत्तम चालतील.

सगळं जोडून झालं की आठवडाभर जाहीर न करता चालवा. एकदा बोलता बोलता मेन स्विच खाली करा, एकदा फायबरची तार काढा, एकदा पणजीहून कुणाला तरी फोन करायला सांगा. प्रत्येक वेळी दुसऱ्या घरी मोबाइलवर कुणीतरी ऐकत बसलेलं असू द्या आणि किती सेकंद गप्प गेले ते लिहून घ्या.